वर्डप्रेसमध्ये ‘एडिटर’ला किती अधिकार द्यायचे? परवानग्या आपल्या गरजेप्रमाणे बदलायची सोपी पद्धत



व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण, यावरून गावागावात रुसवेफुगवे होतात हे आपल्याला नवीन नाही. एखाद्याला अ‍ॅडमिन केलं की तो इतरांना ग्रुपमधून काढू शकतो, ग्रुपचं नाव बदलू शकतो. म्हणूनच ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ ही सेटिंग कधी चालू करायची, हे ग्रुप चालवणाऱ्याला पक्कं माहीत असतं. वेबसाइटचंही तसंच आहे. फरक एवढाच की तिथे अशा परवानग्या पन्नासहून जास्त असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा आपण कधी उघडूनही बघत नाही.

आज आपण वर्डप्रेसमधल्या ‘एडिटर’ या रोलबद्दल बोलणार आहोत. त्याला मुळात काय काय करता येतं, त्यातलं काय काढायचं, काय वाढवायचं आणि हे सगळं मोबाईलवरून कसं करायचं, ते एकेक करून पाहू. चला तर मग.

हा विषय आपल्या कामाचा का आहे?

समजा, बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात, दिंद्रुडला चार मित्रांनी मिळून एक बातम्यांची वेबसाइट काढली. माजलगाव बाजार समितीतले भाव, माजलगाव धरणातला पाणीसाठा, ग्रामसभेच्या बातम्या, शाळांचे निकाल, यात्रा, असं सगळं त्यावर येतं. एक जण बातम्या लिहितो, दुसरा फोटो काढतो, तिसरा शुद्धलेखन बघतो, चौथा जाहिराती आणतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की यातला एखादा घरच्यांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो आणि तिथून मोबाईलवरूनच काम करतो.

आता बहुतेक ठिकाणी काय होतं? अ‍ॅडमिनचा एकच आयडी, एकच पासवर्ड आणि तो चौघांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलेला. काम तर भागतं. पण एखाद्याचा मोबाईल हरवला, कुणाचं कुणाशी बिनसलं किंवा निवडणुकीच्या दिवसात रात्रीतून एखाद्या बातमीतला शब्द बदलला गेला, तर तो कुणी बदलला हे सांगायला काहीच पुरावा राहत नाही. कारण वेबसाइटच्या दृष्टीने चौघं मिळून एकच माणूस आहेत.

यात नाव जातं ते वेबसाइटचं. एखाद्याची बदनामी होईल असा मजकूर प्रसिद्ध केला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तक्रार होऊ शकते. अशा वेळी ‘ते मी लिहिलंच नव्हतं’ हे नुसतं तोंडाने सांगून भागत नाही, ते नोंदीतून दिसावं लागतं. प्रत्येकाचं स्वतंत्र खातं आणि प्रत्येकाला कामापुरतीच परवानगी असेल, तरच ते दिसतं.

रोल आणि परवानगी यात फरक काय?

हे समजायला सातबाऱ्याचं उदाहरण घेऊ. जमिनीचा व्यवहार झाला की फेरफाराची नोंद तलाठी घेतो. पण ती नोंद प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. नोटीस निघते, हरकतीसाठी मुदत असते आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर नाव चढतं. लिहिणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा. दोन्ही अधिकार एकाच हातात दिले असते तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

वर्डप्रेसमध्येही हेच आहे. ‘रोल’ म्हणजे पद, जसं तलाठी किंवा मंडळ अधिकारी. ‘कॅपेबिलिटी’ म्हणजे त्या पदाला मिळालेली एकेक परवानगी, जसं नोंद घेणं किंवा नोंद प्रमाणित करणं. रोल हा किल्ल्यांचा जुडगा समजा आणि परवानगी म्हणजे त्यातली एक किल्ली. आपल्याला जुडगा आहे तसाच वापरायची सक्ती नाही. एखादी किल्ली काढता येते, एखादी घालता येते. परवानग्या ‘कस्टमाइज’ करणं म्हणतात ते हेच.

ही पद्धत वर्डप्रेसमध्ये पहिल्यापासून नव्हती. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आली. त्यानंतरच्या काळात तिथे शून्य ते दहा अशा ‘युजर लेव्हल’ होत्या. लेव्हल जितकी वरची तितके अधिकार जास्त. पण माणसाचं काम असं शिडीसारखं नसतं. फोटो टाकणाऱ्याला फोटोचा अधिकार हवा, पण प्रसिद्ध करायचा नको, हे लेव्हलमध्ये नीट बसत नव्हतं. म्हणून डिसेंबर २००५ मध्ये आलेल्या वर्डप्रेस २.० पासून रोल आणि कॅपेबिलिटी ही पद्धत सुरू झाली आणि ती आजही चालू आहे.

वर्डप्रेसचे पाच तयार रोल

नवीन वेबसाइट सुरू केली की हे पाच रोल आपोआप मिळतात:

१. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर: सगळं काही. थीम, प्लगिन, युजर, सेटिंग, सगळ्याच्या किल्ल्या याच्याकडे.

२. एडिटर: स्वतःच्या आणि इतरांच्या सगळ्या पोस्ट व पेज लिहिणं, बदलणं, प्रसिद्ध करणं, डिलीट करणं. कॅटेगरी आणि वाचकांच्या प्रतिक्रियाही याच्याच हातात.

३. ऑथर: फक्त स्वतःच्या पोस्ट. त्या प्रसिद्ध करता येतात, नंतर बदलता येतात, फोटोही टाकता येतात.

४. कॉन्ट्रिब्युटर: स्वतःची पोस्ट लिहून तपासणीसाठी पाठवता येते. प्रसिद्ध करता येत नाही. फोटोही अपलोड करता येत नाही.

५. सबस्क्रायबर: लॉगिन करून वाचणं आणि स्वतःचं प्रोफाइल बदलणं, बस्स.

एकाच इन्स्टॉलेशनवर अनेक वेबसाइट चालवल्या तर वरती ‘सुपर अ‍ॅडमिन’ हा आणखी एक रोल येतो. आपल्याला सध्या त्याची गरज नाही.

एडिटरकडच्या तीन किल्ल्या, ज्या सहसा लक्षात येत नाहीत

पहिली किल्ली पेजची. एडिटर पोस्टबरोबर पेजही बदलू शकतो. आता विचार करा, तुमच्या ‘जाहिरात दर’ किंवा ‘संपर्क’ या पेजवर काय असतं? मोबाईल नंबर आणि पैसे पाठवायचा यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड. एडिटरच्या खात्यात कुणी घुसलं आणि तो कोड बदलला, तर जाहिरातीचे पैसे भलत्याच खात्यात जातील. बातमी चुकली तर वाचक लगेच फोन करून सांगतात. यूपीआय आयडी बदललेला मात्र महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी किल्ली आहे ‘अनफिल्टर्ड एचटीएमएल’ नावाची. साध्या, एकट्या वर्डप्रेस साइटवर अ‍ॅडमिनबरोबर एडिटरलाही ही परवानगी असते. याचा अर्थ एडिटर पोस्टमध्ये जावास्क्रिप्टचा कोडसुद्धा टाकू शकतो. ऑथरने असा कोड टाकला तर वर्डप्रेस तो सेव्ह करताना गाळून टाकतं, एडिटरचा गाळत नाही. युट्यूबचा व्हिडिओ लावायला या परवानगीची गरज नसते, नुसती लिंक टाकली तरी चालतं. म्हणजे बातम्या तपासणाऱ्या माणसाला ही किल्ली लागतच नाही. पण त्याचा पासवर्ड चोरणाऱ्याला मात्र ती फार उपयोगाची असते.

तिसरी किल्ली कायमचं डिलीट करायची. वर्डप्रेसमध्ये डिलीट केलेली पोस्ट आधी ट्रॅशमध्ये जाते आणि साधारणपणे ३० दिवस तिथे राहते. पण एडिटर ट्रॅशसुद्धा रिकामा करू शकतो. म्हणजे वर्षभराच्या बातम्या एका दुपारी साफ होऊ शकतात आणि बॅकअप नसेल तर त्या परत येत नाहीत.

उलट काही साध्या गोष्टी एडिटरला जमत नाहीत. वरच्या मेनूत नवीन लिंक टाकायची असेल तर एडिटर अडतो. मग आपण काय करतो? ‘जाऊ दे, याला अ‍ॅडमिनच करून टाकू’ म्हणतो. एका किल्लीसाठी अख्खा जुडगा हातात जातो तो असा.

बदल करण्याआधी ही तीन कामं करा

१. बॅकअप घ्या. रोलची यादी वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये साठवलेली असते. म्हणून एकदा केलेला बदल प्लगिन बंद केल्यावरही तसाच राहतो. ‘प्लगिन काढलं की सगळं पूर्ववत होईल’ असं समजू नका.

२. मूळ एडिटर रोलला हात लावू नका. त्याची नक्कल काढा आणि नकलेत बदल करा. काही बिघडलं तर त्या माणसाला परत मूळ रोल देता येतो.

३. एक चाचणी खातं तयार करा. बदल केला की त्या खात्याने इन्कॉग्निटो टॅबमध्ये लॉगिन करून स्वतः बघा. अ‍ॅडमिनच्या स्क्रीनवर सगळंच दिसतं, त्यामुळे समोरच्याला काय दिसतंय ते तिथून कळत नाही.

मोबाईलवरून नवीन रोल कसा तयार करायचा?

वर्डप्रेसच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये रोलमधल्या परवानग्या बदलायची सोय नाही. त्यासाठी क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये साइटचा डॅशबोर्ड उघडा आणि तीन टिंबांच्या मेनूतून ‘डेस्कटॉप साइट’ चालू करा. स्क्रीन आडवी धरली तर चौकटी नीट दिसतात.

यासाठी ‘युजर रोल एडिटर’, ‘मेंबर्स’ आणि ‘पब्लिशप्रेस कॅपेबिलिटीज’ ही तीन प्लगिन जास्त वापरली जातात. तिघांचीही मोफत आवृत्ती आहे. आपण युजर रोल एडिटरच्या पायऱ्या बघू:

१. डॅशबोर्डमध्ये ‘प्लगिन’ उघडून ‘युजर रोल एडिटर’ शोधा, इन्स्टॉल करा आणि अ‍ॅक्टिव्हेट करा.

२. ‘युजर्स’ या मेनूखाली ‘युजर रोल एडिटर’ असा नवीन पर्याय आलेला दिसेल. तो उघडा.

३. ‘अ‍ॅड रोल’ दाबा. नाव द्या, उदाहरणार्थ ‘बातमी तपासनीस’. रोलचा आयडी मात्र इंग्रजी अक्षरांतच द्या. ‘मेक कॉपी ऑफ’ मध्ये ‘एडिटर’ निवडा.

४. वरच्या यादीतून नवीन रोल निवडा. खाली सगळ्या परवानग्या चौकटींसह दिसतील. ज्या नको आहेत त्यांच्यासमोरची टिक काढा.

५. ‘अपडेट’ दाबा.

६. आता ‘युजर्स’ मध्ये जाऊन त्या मित्राचं खातं उघडा आणि त्याचा रोल बदला.

बदल लगेच लागू होतो. समोरच्याने पुढचं पान उघडलं की त्याला नवीन परवानग्यांप्रमाणेच सगळं दिसायला लागतं.

वेबसाइट वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत प्लॅनवर असेल तर मात्र प्लगिन टाकता येत नाही. तिथे तयार रोलवरच भागवावं लागतं.

चार नेहमीच्या अडचणी आणि त्यावरचे उपाय

अडचण पहिली: शुद्धलेखन तपासणाऱ्याने बातम्या दुरुस्त कराव्यात, पण प्रसिद्ध करू नयेत.

एडिटरची नक्कल घ्या. ‘एडिट पोस्ट्स’ आणि ‘एडिट अदर्स पोस्ट्स’ राहू द्या. ‘पब्लिश पोस्ट्स’ आणि ‘एडिट पब्लिश्ड पोस्ट्स’ काढा. डिलीट या शब्दाने सुरू होणाऱ्या सगळ्या परवानग्या आणि पेजच्याही सगळ्या परवानग्या काढून टाका. आता हा माणूस इतरांचे कच्चे मसुदे दुरुस्त करू शकतो, पण प्रसिद्ध झालेल्या बातमीला हात लावू शकत नाही.

अडचण दुसरी: बातमीदाराला फोटो टाकता येत नाही.

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. कॉन्ट्रिब्युटरची नक्कल घ्या आणि फक्त ‘अपलोड फाइल्स’ ही एक परवानगी वाढवा. बातमीदार फोटोसकट बातमी तपासणीला पाठवू शकेल. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. फोटो अपलोड करता येणाऱ्याला मीडिया लायब्ररीतले इतरांचे फोटोही दिसतात. त्यामुळे वाचकांनी पुरावा म्हणून पाठवलेली आधार कार्डं, तक्रार अर्जांचे फोटो असलं काही तिथे ठेवू नका. तसंही मीडिया लायब्ररीतल्या फोटोची लिंक ज्याच्या हाती लागेल तो लॉगिन न करता तो फोटो उघडू शकतो.

अडचण तिसरी: बातमी प्रसिद्ध झाल्यावर लिहिणाराच नंतर ती गुपचूप बदलतो.

ऑथर रोलमध्ये ही मुभा मुळातच असते. ऑथरची नक्कल घेऊन ‘एडिट पब्लिश्ड पोस्ट्स’ आणि ‘डिलीट पब्लिश्ड पोस्ट्स’ काढा. तो रात्री अपरात्री बातमी प्रसिद्ध करू शकेल, पण त्यानंतर एखादी वेलांटी चुकली तरी दुरुस्तीसाठी एडिटरला सांगावं लागेल. थोडा त्रास आहे, पण छापलेला पेपर परत घेता येत नाही, तशीच शिस्त इथे लागते.

अडचण चौथी: जाहिरात बघणाऱ्याला मेनू आणि विजेट बदलायचे आहेत.

यासाठी ‘एडिट थीम ऑप्शन्स’ ही परवानगी लागते. पण नुसत्या मेनूपुरती ती देता येत नाही. तिच्याबरोबर विजेट, कस्टमायझर आणि नव्या ब्लॉक थीममध्ये अख्खा साइट एडिटर उघडतो. मेनू वर्षातून दोनदाच बदलणार असेल तर ती किल्ली अ‍ॅडमिनकडेच ठेवलेली बरी. रोजचं काम असेल तर विश्वासातल्या एकाच माणसाला द्या.

आणखी एक मागणी असते: ‘याला फक्त क्रीडा विभागाच्याच बातम्या बदलता याव्यात’. मूळ वर्डप्रेसमध्ये कॅटेगरीप्रमाणे परवानगी देता येत नाही. त्यासाठी वेगळं प्लगिन घ्यावं लागतं किंवा क्रीडा विभागासाठी वेगळा ‘पोस्ट टाइप’ तयार करावा लागतो. चार-पाच जणांच्या वेबसाइटला एवढी उठाठेव करायची गरज सहसा पडत नाही.

या परवानग्या दिल्या म्हणजे अ‍ॅडमिनच केलं!

काही परवानग्या दिसायला एकेकट्या, पण त्यांच्यामागे अख्खं घर उघडं पडतं. ‘प्रमोट युजर्स’ असलेला माणूस दुसऱ्याचा रोल वाढवू शकतो. ‘एडिट युजर्स’ असलेला दुसऱ्याचा पासवर्ड आणि ईमेल बदलू शकतो. ‘इन्स्टॉल प्लगिन्स’ असेल तर हवा तो कोड साइटवर चालवता येतो. ‘मॅनेज ऑप्शन्स’ असेल तर नवीन नोंदणी करणाऱ्याला आपोआप कोणता रोल मिळावा हेही बदलता येतं. यातली एक जरी दिली तरी पुढची वाट मोकळी होते.

हे कागदावरचं भय नाही. ऑनलाइन दुकानासाठी वापरलं जाणारं वूकॉमर्स हे प्लगिन ‘शॉप मॅनेजर’ नावाचा रोल तयार करतं. या रोलला ग्राहकांची खाती सांभाळता यावीत म्हणून ‘एडिट युजर्स’ परवानगी दिलेली होती आणि त्याने अ‍ॅडमिनच्या खात्याला हात लावू नये यासाठीचा अडसर प्लगिनच्या कोडमध्ये होता. २०१८ मध्ये रिप्स टेक्नॉलॉजीज या जर्मन कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की प्लगिनमधल्या दुसऱ्या एका दोषामुळे शॉप मॅनेजर प्लगिनची मुख्य फाइलच डिलीट करू शकतो. फाइल गेली की प्लगिन बंद पडतं. प्लगिन बंद पडलं की अडसर जातो. पण रोल आणि त्याची परवानगी डेटाबेसमध्ये शिल्लकच! मग अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलून साइट ताब्यात घ्यायला वेळ लागत नाही. वूकॉमर्सने ३.४.६ या आवृत्तीत तो दोष दुरुस्त केला.

यातून आपण काय घ्यायचं? मोठी परवानगी देऊन वरून कुलूप लावण्यापेक्षा ती परवानगी न दिलेली बरी. संगणकशास्त्रात हा विचार जुना आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर या दोघांनी १९७५ मध्ये लिहिलेल्या निबंधात हेच तत्त्व मांडलं होतं: प्रत्येकाला त्याचं काम पुरं करण्याइतकेच अधिकार हवेत, जास्त नकोत. आपल्याकडे किराणा दुकानात गल्ल्याची किल्ली प्रत्येक नोकराकडे नसते. त्यात नोकरावर अविश्वास नसतो. उद्या गल्ल्यात पैसे कमी भरले तर ज्याच्याकडे किल्लीच नव्हती त्याच्यावर आळ येत नाही, हा त्याचाही फायदाच असतो.

मराठी विकिपीडिया उलटं का करतं?

आता तुम्ही म्हणाल, मराठी विकिपीडियावर तर कुणीही येऊन लेख बदलतो, मग ते कसं चालतं? प्रश्न बरोबर आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो आणि तिथे संपादनाचा अधिकार मुळात सगळ्यांना असतो. अंकुश दोन ठिकाणी असतो. एक, प्रत्येक बदल लेखाच्या इतिहासात नोंदला जातो आणि कुणीही जुनी आवृत्ती परत आणू शकतो. दोन, वादाच्या किंवा फार वाचल्या जाणाऱ्या पानाला ‘सुरक्षित’ करता येतं. मग नवीन खात्यांना किंवा प्रचालक सोडून बाकी सगळ्यांना ते पान बदलता येत नाही. पान डिलीट करणं, एखाद्या सदस्याला अडवणं हे अधिकार प्रचालकांकडेच असतात.

म्हणजे तिथे लिहिणं मोकळं आहे, पण पुसून टाकणं मोकळं नाही. आपल्या गावच्या वेबसाइटवर शेकडो स्वयंसेवक लक्ष ठेवून बसलेले नसतात, त्यामुळे आपण लिहिण्यावरही थोडी तपासणी ठेवतो. पण इतिहास जपायची त्यांची सवय मात्र उचलण्यासारखी आहे. वर्डप्रेसमध्येही ‘रिव्हिजन्स’ असतात. कोणत्या खात्याने कधी काय बदललं ते त्यात दिसतं. फक्त अट एकच, प्रत्येकाचं खातं वेगळं पाहिजे.

एखादा जण काम सोडून गेला तर?

पुण्याला नोकरी लागली, ऊसतोडीला गेला, की भांडून गेला, कारण काहीही असो, कामं तीच आणि त्याच दिवशी करायची:

१. त्याचा रोल ‘सबस्क्रायबर’ करा किंवा ‘नो रोल फॉर धिस साइट’ निवडा. खातं लगेच डिलीट करू नका.

२. त्याच्या प्रोफाइलमध्ये जाऊन सगळीकडून लॉग आउट करा.

३. ‘अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड’ तपासा. डिसेंबर २०२० मधल्या वर्डप्रेस ५.६ पासून मोबाईल अ‍ॅपसारख्या गोष्टींना वेगळा पासवर्ड देता येतो. मुख्य पासवर्ड बदलला तरी हा वेगळा रद्द करावा लागतो.

४. खातं डिलीट करायचंच असेल तर वर्डप्रेस विचारतं की याच्या पोस्टचं काय करायचं? तिथे ‘सगळा मजकूर दुसऱ्याच्या नावावर करा’ हा पर्याय निवडा. घाईत दुसरा पर्याय दाबला तर त्याच्या सगळ्या बातम्या त्याच्याबरोबर जातील.

५. तो अ‍ॅडमिन असेल तर होस्टिंग आणि डोमेन कुणाच्या ईमेलवर आहेत तेही बघा. वर्डप्रेसमधून काढला आणि डोमेन त्याच्याच नावावर राहिलं, तर मुख्य दरवाजाची किल्ली त्याच्याकडेच राहिली.

हंगामापुरता बाहेर गेलेला मित्र मात्र वेगळा. त्याला ‘अपलोड फाइल्स’ वाढवलेला कॉन्ट्रिब्युटरचा रोल देऊन ठेवा. रानातून, कोपीवरून तो फोटोसकट बातमी पाठवत राहील. त्याचा मोबाईल हरवला तरी मुख्य वेबसाइटला धक्का लागणार नाही. परत आला की जुना रोल द्या.

ब्लॉगर, जूमला, ड्रुपलमध्ये काय?

ब्लॉगरवर फक्त दोनच पदं आहेत, अ‍ॅडमिन आणि ऑथर. ऑथरला स्वतःच्याच पोस्ट बदलता येतात. मधला एडिटर तिथे नाही, त्यामुळे तपासणीची पायरी बसवता येत नाही. जूमलात २०११ मधल्या १.६ आवृत्तीपासून कॅटेगरीप्रमाणे परवानग्या देता येतात. ड्रुपलमध्ये एक मोठा तक्ता असतो. आडव्या ओळीत परवानग्या, उभ्या रकान्यात रोल, आणि जिथे हवी तिथे टिक. तुमच्या साइटवर विभाग खूप आणि लिहिणारे पन्नास असतील तर हे दोन पर्याय बघायला हरकत नाही. चार मित्रांच्या वेबसाइटला वर्डप्रेस पुरून उरतं.

थोडक्यात लक्षात ठेवा

अ‍ॅडमिन खाती दोनच ठेवा, एक मुख्य आणि एक अडीनडीला. दोन्हीवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. वेबसाइट तुमची स्वतःची असली तरी रोजचं लिखाण एडिटरच्या खात्यातून करा, अ‍ॅडमिनने फक्त सेटिंग बदलायला लॉगिन करा. पासवर्ड ग्रुपवर टाकू नका. दर तीन महिन्यांनी युजरची यादी उघडा आणि प्रत्येक नावापुढे स्वतःला विचारा, ‘याला या परवानगीचं आज काम आहे का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर टिक काढा. लागली तर परत द्यायला अर्धा मिनिट लागतो.

आज घरी गेल्यावर एवढं एकच करा. तुमच्या साइटच्या ‘युजर्स’ मध्ये जाऊन अ‍ॅडमिन किती आहेत ते मोजा. आकडा दोनच्या वर असेल, तर वर सांगितलेल्या पहिल्या पायरीपासून सुरुवात करा. आणि तुमच्या गावातली शाळा, वाचनालय किंवा देवस्थानची वेबसाइट कुणी मित्र सांभाळत असेल, तर हा लेख त्यालाही पाठवा.